चाळा, नाद आणि संवेदना : स्वमग्न व्यक्तींच्या पुनरावर्ती वर्तनाचा विचार

ज्या हालचालीचा हेतू बाहेरून दिसत नाही आणि जी करणाऱ्याला सहसा सोडवत नाही, तिला मराठीत ‘चाळा’ म्हणतात. बसल्या जागी पाय हलविणे, पदराचे टोक बोटाला गुंडाळणे, मिशीला पीळ देत राहणे हे सारे चाळेच होत. चाळ्याहून प्रबळ तो ‘नाद’, आणि जी दुसऱ्याला खटकते ती ‘खोड’. या तीन शब्दांत वर्तनाच्या स्वरूपापेक्षा पाहणाऱ्याच्या सहनशीलतेचे माप अधिक आहे, हे सहज ध्यानात येण्यासारखे आहे. शास्त्रीय परिभाषेतही स्थिती फारशी निराळी नाही. अशा हालचालींना कोणी ‘साचेबंद पुनरावर्ती वर्तन’ म्हणतात, तर कोणी ‘स्वोद्दीपन’ म्हणतात. पहिली संज्ञा केवळ बाह्य आकार सांगते. दुसरीच्या पोटात मात्र एक उपपत्तीच दडलेली आहे : व्यक्ती स्वतःच्या इंद्रियांना स्वतःच उद्दीपन पुरविते, ही ती उपपत्ती होय. स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही उपपत्ती कितपत खरी आहे आणि तिच्यावरून शिक्षकाने, वैद्याने व पालकाने काय करावे, हा गेल्या आठ दशकांतील वादाचा विषय आहे.

विषय अमूर्त राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे आणणे इष्ट होईल. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे बाजाराचे गाव आहे. नाशिकहून येवल्याकडे जाणारा मोठा रस्ता गावावरून जातो, लासलगावची वाट येथूनच फुटते आणि लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे उपबाजार आवारही येथे आहे. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात; पुकारा, इंजिनांची घरघर आणि खळ्यावर ओतल्या जाणाऱ्या कांद्यांचा आवाज एकमेकांत मिसळतो. वास तर सर्वव्यापीच असतो. वाऱ्याबरोबर कोरडी टरफले उडत असतात. आसपासच्या द्राक्षबागांत फवारणीच्या दिवसांत यंत्रांचा आवाज पहाटेपासून चालू होतो. गावातील बहुतेकांना यांपैकी काहीच ऐकू येत नाही. म्हणजे कानांवर पडते, परंतु मन त्याची दखल घेत नाही.

अशा गावातील सात वर्षांचा एक मुलगा कल्पनेत घ्यावा. खळ्याच्या कडेला उभा राहून तो कांद्याची टरफले मूठभर उचलतो, डोळ्यांजवळून उन्हात सोडतो आणि ती खाली येत असताना दोन्ही हात पंखांसारखे फडफडवितो. हे तो तासभर करू शकतो. ट्रॅक्टर सुरू झाला की कानांत बोटे घालून एका सुरात गुणगुणतो. ताटात भाजी पोळीला लागली तर जेवत नाही, आणि गोधडीखाली दाबून निजविल्याखेरीज त्याला झोप येत नाही. घरच्यांच्या दृष्टीने या चार निरनिराळ्या खोडी आहेत. आजच्या समजुतीप्रमाणे त्या एकाच गोष्टीची चार रूपे असण्याचा संभव फार मोठा आहे.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात ही सर्व सामग्री आलेली आहे. फिरू शकेल अशी प्रत्येक वस्तू फिरविणे, एकच क्रिया कंटाळा न येता पुन्हा पुन्हा करणे, घरातील वस्तूंच्या मांडणीत बदल झाल्यास व्याकूळ होणे, आणि जमीन साफ करणाऱ्या यंत्रासारख्या मोठ्या आवाजाने घाबरणे या सर्व गोष्टी त्यांनी बारकाईने नोंदविल्या. तथापि त्यांचे विवेचन मुख्यतः भावनिक संबंधाच्या अभावाभोवती फिरते. आवाजाची भीती ही इंद्रियांची बाब नसून मुलाच्या एकांतावर झालेले आक्रमण आहे, असा त्यांचा रोख होता. परिणामी संवेदनांचा प्रश्न जवळजवळ सत्तर वर्षे निदानाच्या व्याख्येबाहेर राहिला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत संवेदनांना दिलेला अतिरिक्त किंवा अत्यल्प प्रतिसाद हा पुनरावर्ती वर्तनाच्या गटातील एक निकष म्हणून प्रथम समाविष्ट झाला. हात फडफडविणे आणि कान झाकणे यांचे नाते अधिकृतपणे मान्य होण्यास इतका काळ लागावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे ‘स्वमग्नता’ या शब्दाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा बनविली, तीही छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या संदर्भात. मराठी प्रतिशब्द त्या मुळाशी प्रामाणिक आहे आणि आता तो रूढही झाला आहे. परंतु टरफलावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाकडे पाहणारा मुलगा ‘स्व’मध्ये मग्न आहे, हे म्हणणे कितपत बरोबर? तो तर प्रकाशात मग्न आहे. भोवतीच्या माणसांत त्याचे लक्ष नाही एवढेच खरे; त्यावरून त्याचे लक्ष कोठेच नाही असे अनुमान काढणे हा पाहणाऱ्याचा अहंकार होय.

पुनरावर्ती वर्तनाचे सामान्यतः दोन थर मानले जातात. अंग डोलविणे, हात फडफडविणे, बोटे डोळ्यांपुढे हलविणे, गोल फिरणे, वस्तू हुंगणे वा चाटणे, एकच ध्वनी काढीत राहणे हा खालचा थर. ठरावीक क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाची विलक्षण ओढ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे हा वरचा थर. प्रस्तुत विवेचन पहिल्या थरापुरते मर्यादित आहे.

या वर्तनाची कारणमीमांसा करण्याचा पहिला नेटका प्रायोगिक प्रयत्न सी. हट आणि एस. जे. हट यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. खोलीतील परिस्थिती अधिकाधिक गुंतागुंतीची करीत नेली असता स्वमग्न मुलांच्या साचेबंद हालचाली वाढतात, असे त्यांना १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. त्यावरून त्यांनी असे सुचविले की या मुलांच्या मज्जासंस्थेची जागृतावस्था मुळातच उंचावलेली असते आणि पुनरावृत्तीमुळे नवीन संवेदनांचा ओघ अडविला जातो. ट्रॅक्टर सुरू होताच गुणगुणणारा मुलगा हे या उपपत्तीचे चपखल उदाहरण ठरेल. स्वतः काढलेला सूर आपल्या ताब्यात असतो. ट्रॅक्टरचा आवाज नसतो.

याच्या नेमकी उलट बाजू इव्हार लोवास आणि त्यांचे लॉस एंजेलिस येथील सहकारी यांनी मांडली. त्यांच्या मते अशा हालचालींतून मिळणारी दृष्टीची, स्पर्शाची वा तोलाची संवेदना हीच त्या हालचालींचे बक्षीस असते, आणि बक्षीस आतूनच मिळत असल्यामुळे बाहेरचे बक्षीस फिके पडते. १९७१ मधील त्यांच्या प्रयोगात हालचालीत गुंतलेली मुले आधी शिकविलेल्या ध्वनिसंकेताला उशिरा प्रतिसाद देतात असे दिसले. पुढील वर्षी केगल आणि कव्हर्ट यांनी तीन मुलांच्या बाबतीत, हालचाल दडपली असता शिकणे सुरू झाले, असे दाखविले. तीन मुलांवरून काढलेला हा निष्कर्ष पुढे अनेक वर्गांत ‘आधी हात खाली, मग धडा’ या नियमाचा आधार बनला. ‘दडपणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही सांगितले पाहिजे : त्या काळात चापट मारणे, ओरडणे आणि काही प्रसंगी विजेचा धक्का देणे यांचाही प्रयोग झाला. शास्त्राच्या इतिहासातील हे पान अभिमानाने वाचण्यासारखे नाही.

आर्नल्ड रिंकोव्हर यांचा १९७८ मधील प्रयोग मात्र त्याच परंपरेतून येऊनही अधिक सूक्ष्म आहे. एक मुलगा टणक मेजावर ताटली फिरवीत असे. ती फिरविण्यात त्याला काय मिळते? ताटलीचे फिरणे पाहणे, बोटांना होणारा स्पर्श, की ताटली मेजावर घरंगळताना होणारा आवाज? रिंकोव्हर यांनी मेजावर जाड आच्छादन घातले. ताटली पूर्वीसारखीच फिरत होती आणि दिसतही होती. फक्त आवाज नाहीसा झाला. मुलाने ताटली फिरविणे सोडले. आच्छादन काढताच वर्तन परत आले. या एका साध्या युक्तीने जे सिद्ध झाले ते पुष्कळ मोठ्या चर्चांनी झाले नव्हते : एकाच दिसणाऱ्या चाळ्यामागे निरनिराळ्या मुलांत निरनिराळे इंद्रिय कार्य करीत असू शकते, आणि कोणते ते केवळ पाहून सांगता येत नाही. प्रयोगकर्त्यांचा मूळ उद्देश वर्तन नाहीसे करण्याचा होता. परंतु पुढच्याच वर्षीच्या कामात, ज्या मुलाला आवाज हवा त्याला आवाज देणारे खेळणे द्यावे म्हणजे तो खेळू लागतो, ही विधायक बाजूही पुढे आली. आजच्या शिक्षकाला तीच अधिक उपयोगी आहे. टरफले उधळणाऱ्या मुलाला पडणारी वस्तू हवी आहे की चमकणारी, हे एकदा कळले म्हणजे मोजणी शिकविण्याचे साहित्य कोणते निवडावे हा प्रश्न बराच सोपा होतो.

जागृती कमी करणे आणि संवेदना मिळविणे या दोन उपपत्ती परस्परविरोधी वाटल्या तरी वस्तुतः दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण एकच मूल सकाळच्या शांततेत उद्दीपन शोधते आणि दुपारच्या कोलाहलात त्यापासून बचाव करते. अलीकडील काळात, विशेषतः पेलिकानो आणि बर यांच्या २०१२ मधील मांडणीनंतर, या दोहोंना सामावून घेणारा एक विचार पुढे आला आहे. मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे येणाऱ्या संवेदनेचा सतत अंदाज बांधीत असतो. स्वमग्न व्यक्तीत पूर्वानुभवाचे वजन कमी पडत असल्यामुळे प्रत्येक संवेदना नवीनच्या नवीन भासते, असा हा विचार. विंचूरच्या रहिवाशाला लिलावाचा पुकारा ऐकू येत नाही तो त्याचा अंदाज पक्का झालेला असतो म्हणून. ज्याचा अंदाज पक्का होतच नाही त्याच्यासाठी प्रत्येक पुकारा पहिलाच. अशा जगात स्वतःच्या हाताची लय ही एकच गोष्ट अशी की जिचा पुढचा क्षण आधीच ठाऊक असतो. ही उपपत्ती आकर्षक आहे. तिच्या बाजूचे प्रायोगिक पुरावे मात्र अद्याप एकमुखी नाहीत.

लयबद्ध पुनरावृत्ती ही स्वमग्नतेची मिरासदारी नव्हे, हेही विसरता कामा नये. एस्थर थेलेन यांनी २० सामान्य अर्भकांचे पहिल्या वर्षभर निरीक्षण केले. लाथा झाडणे, हात हलविणे, डोलणे अशा लयबद्ध हालचाली सर्व अर्भकांत विपुल असतात आणि त्या स्नायूंवरील ताबा येण्याच्या टप्प्याटप्प्यांवर उसळतात, असे त्यांनी १९७९ मध्ये दाखविले. प्रौढ वयातही त्या जात नाहीत. केवळ समाजमान्य वेष धारण करतात. पाढे म्हणणारी मुले डोलतात. जुन्या वाड्यातील झोपाळ्यावर दुपारभर पायाने रेटा देत बसलेल्या आजोबांना कोणी रुग्ण म्हटले नाही. जपमाळेचे मणी बोटांखालून सरकतात त्यात भक्ती तर आहेच, पण बोटांना मिळणारी संथ, ठरावीक संवेदनाही आहे, आणि पाळण्याच्या लयीवर तर संबंध मानवजात वाढली आहे. भेद आहे तो प्रमाणाचा, तीव्रतेचा आणि प्रसंगाचा. झोपाळ्यावर जे शोभते ते वर्गात बाकावर शोभत नाही, इतकाच पुष्कळदा त्या ‘विकृती’चा अर्थ असतो.

या संबंध वादात एक साक्ष फार उशिरा नोंदविली गेली, ती म्हणजे स्वतः स्वमग्न व्यक्तींची. टेंपल ग्रँडिन यांनी वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःसाठी एक दाबयंत्र तयार केले. त्याची कल्पना त्यांना एका नातलग बाईंच्या गोठारावर, जनावरांना टोचताना ज्या खोड्यात उभे करतात तो पाहून सुचली. खोड्यात दाबली गेलेली बुजरी जनावरे शांत होतात हे त्यांनी पाहिले होते. पुढे पशुविज्ञानाच्या अभ्यासक म्हणून नावारूपाला आल्यावर, १९९२ मध्ये, त्यांनी या खोल दाबाच्या शामक परिणामावर लेख लिहिला. निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबाला खोडा समजावून सांगावा लागणार नाही, आणि वजनदार गोधडीचे कोडेही त्यावरून उलगडेल. स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३२ स्वमग्न प्रौढांच्या मुलाखती व गटचर्चा यांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. असह्य परिसर, विचारांचा गोंगाट आणि मावेनाशी भावना या तिन्हींना आवर घालण्याचे साधन म्हणून त्यांनी या हालचालींचे वर्णन केले. मावेनाशी भावना दुःखाचीच असते असे नाही. आनंदानेही हात फडफडतात. या हालचाली नाहीशा करणे हेच ज्या उपचारांचे ध्येय, त्यांना सहभागी व्यक्तींचा विरोध होता. पुष्कळांनी लोकांदेखत हालचाल दाबून धरण्याची किंवा कमी दिसेल अशी दुसरी हालचाल निवडण्याची सवय लावून घेतली होती. बोलू शकणाऱ्या प्रौढांची साक्ष न बोलणाऱ्या मुलास जशीच्या तशी लागू करता येईल काय, हा आक्षेप रास्त आहे. पण मग बाहेरून पाहणाऱ्याचा तर्क तरी त्या मुलास अधिक लागू कसा, याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्याने दिले पाहिजे.

सर्व पुनरावर्ती वर्तन निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ नाही. भिंतीवर डोके आपटणे, मनगट चावणे, डोळ्यांत बोटे खुपसणे यांतून कायमची इजा होते आणि ते थांबविलेच पाहिजे. प्रश्न कसे, हा आहे. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथे १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःस इजा करणाऱ्या नऊ व्यक्तींना निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिले. कोणाचे वर्तन कामाची मागणी केली की वाढे, कोणाचे एकटे असताना, तर कोणाचे लक्ष दिल्यावर. कारणे भिन्न म्हणून उपायही भिन्न. यात एक गोष्ट वैद्याने प्रथम पाहावयाची असते. न बोलणारे मूल अचानक कानावर मारून घेऊ लागले, तर कान फुटला आहे काय, दाढ किडली आहे काय, पोट दुखते काय, हे आधी तपासावे. वर्षानुवर्षे ‘स्वमग्नतेचे लक्षण’ मानलेले वर्तन हे केवळ दातदुखीचे गाऱ्हाणे असू शकते.

ग्रामीण भागात या वर्तनाला आणखी एक नाव मिळण्याचा धोका असतो. डोलणारे, घुमल्यासारखा आवाज काढणारे, एकटक पाहणारे मूल पाहून ‘अंगात येते’ किंवा ‘बाहेरचे आहे’ असा अर्थ लावला जातो आणि डॉक्टरांच्या आधी देवऋषी गाठला जातो. यात दोन प्रकारची हानी संभवते : भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, किंवा उलट, मुलात दैवी शक्ती असल्याचे भासवून त्याचा धंदा. महाराष्ट्राच्या २०१३ मधील जादूटोणाविरोधी कायद्याने या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरविल्या असून मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा व्यवसायासाठी वापर करणे, याचा त्याच्या अनुसूचीत स्वतंत्र उल्लेख आहे. शाळेतील छडीस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. परंतु ‘हात खाली’ असे दिवसातून पन्नास वेळा दरडावणे सहसा कोणाच्या तक्रारीचा विषय होत नाही, आणि पुष्कळ मुलांच्या वाट्याला येते ते हेच.

शासकीय व्यवस्थेत असे मूल प्रथम दिसते ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे, आणि तपासावयाच्या तीस स्थितींत स्वमग्नताही येते. पुढचा टप्पा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे विंचूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर नाशिकला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता असल्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि शिष्यवृत्ती, सवलती, परीक्षेतील सोयी सर्व त्यावर अवलंबून असतात.

या प्रमाणपत्रासाठी वापरण्यात आलेली भारतीय स्वमग्नता मूल्यमापन मापनी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार करून २००९ मध्ये पुढे आणली. तीत ४० बाबी असून त्यांपैकी सात वर्तनाच्या धाटणीविषयी व सहा संवेदनांविषयी आहेत. प्रत्येक बाबीस एक ते पाच गुण असतात, ७० च्या खाली स्वमग्नता नाही असे मानतात आणि १५३ च्या वर ती तीव्र समजतात. भारतीय परिस्थितीसाठी मुद्दाम रचलेली ही मापनी म्हणून तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिचे गुणांकन वारंवारतेवर आधारलेले आहे : वर्तन २० टक्क्यांपर्यंत आढळले तर एक गुण, ८० टक्क्यांच्या वर आढळले तर पाच. ते केव्हा घडते आणि कशासाठी घडते, यास गुण नाहीत. म्हणजे लिलावाच्या दिवशी आवारात उभा असलेला मुलगा आणि तोच मुलगा रविवारी मळ्यात विहिरीच्या काठी बसलेला, यांचे गुण एक येणार नाहीत. जिल्हा रुग्णालयातील अनोळखी, गजबजलेल्या खोलीत तो अधिक हात हलवील किंवा धास्तावून अगदी निश्चल बसेल. दुसऱ्या परिस्थितीत त्याचे गुण घटतील. ज्या आईने चार वर्षे खपून त्याला लोकांदेखत हात न हलविण्यास शिकविले, तिच्याच श्रमांमुळे प्रमाणपत्रावरचा आकडा खाली येण्याचा संभव असतो. पालकांची मुलाखत हा मूल्यमापनाचा भाग आहे तो यासाठीच. ती घाईत उरकणे म्हणजे मापनीचा निम्मा उपयोग गमावणे होय.

शाळेत करावयाच्या गोष्टी यामानाने अगदी लहान आहेत. रस्त्याकडील खिडकीपासून दूरची जागा, घंटा होण्याआधी हलकी सूचना, पाठ चालू असताना हातात धरण्यास दोरीचा तुकडा किंवा गुळगुळीत दगड, आणि मधूनमधून उठून फेरी मारण्याची मुभा. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ हे सांगू शकतात. खर्च जवळजवळ नाही. अडचण येते ती इतर पालकांच्या आणि कधी कधी मुख्याध्यापकांच्या मनात, की एकाला मुभा दिली तर सारा वर्ग हात हलवू लागेल. तसे दोन दिवस होतेही. तिसऱ्या दिवशी इतर मुले कंटाळतात, कारण त्यांच्या दृष्टीने त्या हालचालीत काही मिळकत नसते.

निफाड किंवा येवला भागात या विषयाचे क्षेत्रीय काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक दक्षता घ्यावी. ‘मूल चाळे करते काय’ असा प्रश्न विचारल्यास उत्तरात लाज मिळते, माहिती मिळत नाही. ‘चाळे’ या अनेकवचनाला मराठीत दोषारोपाचा वास आहे. त्याऐवजी कोणता आवाज झाला की कान झाकते, कोणते कापड अंगावर राहू देत नाही, एकटे असताना हातात काय धरते, झोपण्यापूर्वी काय लागते, असे विचारावे. बाजाराच्या दिवसाची आणि सुटीच्या दिवसाची नोंद निरनिराळी ठेवावी. आणि मूल हात हलविते त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, ते त्रासलेले आहे की हर्षलेले, याची नोंद प्रत्येक वेळी स्वतंत्र रकान्यात करावी. प्रचलित तक्त्यांत असा रकाना सहसा नसतो.